आकाशातील लाटा आणि शेताचा बांध

मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटर लांबीच्या नव्या रेल्वेमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. अंदाजे खर्च १८,०३६ कोटी रुपयांचा. मुंबई-हावडा मुख्य मार्ग, दौंडकडे जाणारा फाटा आणि मराठवाड्यात उतरणारा रस्ता, असे तीन मार्ग ज्या जंक्शनात आधीच एकत्र येतात, त्याला आता चौथी दिशा मिळावयाची आहे. मनमाडकरांना या वार्तेने आनंद झाला असल्यास ते स्वाभाविक आहे. परंतु रेल्वेमार्ग म्हटला की जमिनीचे संपादन आले, संपादन म्हटले की मोजणी आली, आणि मोजणी म्हटली की आपल्याकडे बहुधा तंटा आलाच. नांदगाव-मालेगावच्या कोरडवाहू शिवारात, जेथे विहिरीचे पाणी फेब्रुवारीतच तळाला जाते, तेथे हाताशी उरलेली एकमेव शाश्वत मालमत्ता म्हणजे जमीन. तिचा एक गुंठा इकडचा तिकडे झाला तर दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

ही मोजणी आता पूर्वीसारखी होत नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात रूढ झालेली ३३ फुटांची साखळी आणि तिचे १६ आणे, नंतरचे प्लेन टेबल, त्यानंतरचे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन, हे टप्पे मागे टाकून भूमी अभिलेख खाते आता ‘रोव्हर’ नावाच्या उपकरणाकडे वळले आहे. हातातील काठीवर बसविलेले हे यंत्र कृत्रिम उपग्रहांचे संदेश ग्रहण करते, भारतीय सर्वेक्षण विभागाने राज्यभर उभारलेल्या ‘कॉर्स’ या स्थिर केंद्रांकडून दुरुस्तीचे आकडे घेते, आणि बांधाच्या कोपऱ्याचे स्थान दोन-तीन सेंटिमीटरांच्या अचूकतेने सांगते. साखळीचा एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडे अधिक. ज्या व्यवहारात एका आण्याची चूक क्षम्य मानली जात असे, तेथे आता बोटाच्या पेराचा हिशेब होऊ लागला आहे. ही प्रगती निर्विवाद आहे. मात्र या प्रगतीबरोबर एक नवा भागीदार शेताच्या बांधावर येऊन उभा राहिला आहे, आणि त्याची ओळख ना शेतकऱ्याला आहे ना त्याच्या वकिलाला. तो भागीदार म्हणजे जमिनीपासून शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवरचे विरळ वातावरण आणि त्यात अहोरात्र उठणाऱ्या लाटा.

नावाचा घोटाळा

या लाटांना शास्त्रज्ञ वातावरणातील गुरुत्व-तरंग म्हणतात. नावामुळे एक गैरसमज होण्याचा संभव आहे, तो प्रथम दूर केला पाहिजे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो’ प्रयोगशाळा उभारली जात आहे. त्या प्रकल्पास एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. तिचा शोध आहे तो गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे दूरच्या कृष्णविवरांच्या टकरींतून अवकाशाच्या पोतात उमटणाऱ्या कंपनांचा. त्यांचा वातावरणाशी काहीही संबंध नाही. येथे विषय आहे तो हवेच्या साध्या हेलकाव्यांचा. विहिरीत दगड टाकला असता पाणी वर उचलले जाते, पृथ्वीचे गुरुत्व त्याला खाली ओढते, ते समपातळीच्याही खाली जाते आणि पुन्हा वर येते. वातावरणाचे थर स्थिर असतील, तर वर ढकललेली हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा जड ठरून खाली येते, खाली गेलेली हलकी ठरून वर येते, आणि हा हेलकावा लाटेच्या रूपाने दूरवर पसरतो. खालच्या थरांत असा एक हेलकावा पूर्ण होण्यास कमीत कमी दहा मिनिटे आणि वरच्या थरांत पाचेक मिनिटे लागतात. मोठ्या लाटांना तासन् तास लागतात.

हवेला असा धक्का देणारी कारणे महाराष्ट्रात वाण नसल्याइतकी आहेत. पश्चिमेचा वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आपटतो व डोंगर ओलांडताना वर-खाली होतो. चांदवडपासून अंकाई-टंकाईपर्यंत पसरलेली सातमाळ्याची रांगही लहान प्रमाणात तेच काम करते. चैत्र-वैशाखात नाशिक जिल्ह्यावर दुपारनंतर वळवाचे ढग चढतात, त्यांचे माथे पंधरा किलोमीटरच्या आसपास पोहोचतात, आणि तेथील स्थिर हवेला खालून दिलेला हा धक्का तळ्यातील वर्तुळांप्रमाणे चहूकडे पसरतो. शेतकऱ्याला त्या ढगातून गारपीट दिसते आणि उघड्यावर वाळत घातलेल्या कांद्याची चिंता त्याला पडते. त्याच ढगातून वरच्या दिशेने निघालेली लाट मात्र कोणालाच दिसत नाही.

लहान लाट मोठी कशी होते

या विषयातील खरे नवल पुढे आहे. वातावरण जसजसे वर जावे तसतसे विरळ होत जाते, आणि शंभर किलोमीटर उंचीवर हवेची घनता जमिनीवरील घनतेच्या दहा लाखांश भागाहूनही कमी होते. लाटेतील ऊर्जा वाटेत खर्च झाली नाही, तर तीच ऊर्जा उत्तरोत्तर कमी वस्तुमानाच्या हवेला हलवू लागते, आणि साहजिकच हेलकावा वाढत जातो. घनता दहा लाख पटींनी घटली तर हेलकाव्याचा वेग हजार पटींनी वाढावा, असे गणित सांगते. जमिनीलगत झुळकीइतका क्षीण असणारा हेलकावा ऐंशी-नव्वद किलोमीटरवर वादळी वेगाचा होतो. अर्थात ही वाढ अनिर्बंध चालत नाही. किनाऱ्याजवळ येणारी समुद्राची लाट जशी उंच होऊन अखेर फुटते, तशी हीही फुटते, आणि फुटताना आपल्याबरोबर आणलेला संवेग तेथील वाऱ्याच्या पदरात टाकते.

कॉलिन हाइन्स या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये वरच्या वातावरणातील अनियमित हालचालींचा अर्थ या लाटांच्या साहाय्याने लावून दाखविला, तेव्हापासून या विद्याशाखेचा पाया पक्का झाला. या लाटांच्या साहाय्याने पुढे एक जुने कोडेही सुटले. ध्रुवप्रदेशात उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. तरीही त्याच ऋतूत तेथील सुमारे ८५-९० किलोमीटर उंचीवरचा थर उणे १४० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, आणि पृथ्वीच्या वातावरणातील सर्वांत थंड जागा ती ठरते. सूर्याखाली एवढी थंडी का? कारण खालून आलेल्या लाटा त्या उंचीवर फुटून वाऱ्यांना रोखतात. त्यामुळे तेथील हवेला उन्हाळी ध्रुवाकडून हिवाळी ध्रुवाकडे वाहावे लागते. तिची जागा घेण्यासाठी खालची हवा वर चढते, प्रसरण पावते आणि गारठते. खालच्या डोंगरांनी आणि ढगांनी वरच्या ऋतुचक्राला उलटे फिरवावे, असा हा प्रकार आहे.

सह्याद्रीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पावसाळ्यात आपल्याकडे खालचा वारा पश्चिमेचा असतो. पण सहा-सात किलोमीटरच्या वर तो क्षीण होत जाऊन उलटा, म्हणजे पूर्वेचा होतो, आणि पंधरा किलोमीटरच्या आसपास तर तो जोरदार प्रवाहाचे रूप धारण करतो. डोंगरामुळे उठलेली लाट डोंगराला खिळलेली असते. वारा जेथे शून्य होतो त्या पातळीवर तिला पुढे वाट राहत नाही, आणि सिद्धांताप्रमाणे ती तेथेच शोषली जाते. उलट ढगांतून निघालेल्या लाटा निरनिराळ्या वेगांच्या असल्याने त्यांतील काही या चाळणीतून निसटून वर जातात. म्हणजे ऐन पावसाळ्यात आपल्या डोक्यावरच्या उच्च वातावरणाला हलविण्याचे काम मुख्यत्वे सह्याद्री करीत नसून ढग करतात असे दिसते. हिवाळ्यात ही चाळणी निराळी, वळवाच्या दिवसांत आणखी निराळी. त्यामुळे युरोपातील आल्प्सवर किंवा दक्षिण अमेरिकेतील अँडीजवर मोजलेल्या लाटांचे आकडे आणून ते दख्खनच्या पठारावर लागू करता येत नाहीत. येथील लाटा येथेच मोजल्या पाहिजेत.

रोव्हर का अडतो

उंच वातावरणाचा एक भाग सूर्याच्या अतिनील किरणांमुळे विद्युतभारित असतो. त्यास आयनांबर म्हणतात. उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून जो संदेश पाठवितो त्याला या थरातून यावे लागते, आणि तेथील मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे त्यास विलंब होतो. इलेक्ट्रॉनांच्या संख्येचे जे एकक शास्त्रज्ञ वापरतात, त्या एका एककामागे उपग्रहाचे अंतर सुमारे सोळा सेंटिमीटरांनी चुकीचे भासते. विषुववृत्तालगतच्या प्रदेशात, सूर्य सक्रिय असण्याच्या वर्षांत, दुपारी शंभर एककांपर्यंत भार साचू शकतो. म्हणजे चूक सोळा मीटरांच्या घरात जाते. यातही भारताचे स्थान प्रतिकूल आहे. चुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेथून वर उचललेले इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना सरकून साचतात, आणि उत्तरेकडील साठ्याचा माथा अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यावर येतो. मनमाड या साठ्याच्या दक्षिण उतारावर आहे. सपाटीवरच्या वाटसरूपेक्षा उतारावरच्या वाटसरूचा पाय अधिक घसरतो, तसाच हा न्याय आहे.

रोव्हरची पद्धत या चुकीतून मार्ग काढते. जवळच्या कॉर्स केंद्राचे स्थान पक्के ठाऊक असते. त्या केंद्रावर जी चूक दिसते, तीच थोड्याफार फरकाने शेतातील रोव्हरवरही असणार, असे गृहीत धरून ती वजा केली जाते. आता या गृहीतकात लाट शिरली तर काय होईल, याचा विचार करावा. खालून आलेली गुरुत्व-लाट आयनांबरातील वायूला हलविते, वायूबरोबर इलेक्ट्रॉनांचीही दाटी-विरळी होते, आणि शंभर ते काहीशे किलोमीटर लांबीची, पंधरा मिनिटे ते तासाभराच्या आवर्तनाची लाट आकाशातून सरकू लागते. केंद्र लाटेच्या माथ्याखाली असेल आणि शेत तिच्या दरीखाली, तर दोघांची चूक सारखी राहत नाही. तिच्यातील फरक एककाच्या काही दशांशांचा असला तरी तो सेंटिमीटरांत मोजावा लागतो. यंत्राला उत्तर पक्के करता येत नाही, भूकरमापकाच्या भाषेत ‘फिक्स’ येत नाही. आले तरी ते उशिरा येते, आणि क्वचित चुकीचेही येते.

याचा अर्थ असा नव्हे की मोजणीचे सर्व तंटे आकाशातून पडतात. बहुतेक तंट्यांचे मूळ जुन्या नकाशांत, हरवलेल्या हद्दीच्या दगडांत, न नोंदविलेल्या वाटण्यांत आणि क्वचित माणसाच्या लोभात असते. परंतु ज्या दिवशी एकाच कोपऱ्याचे सकाळचे व दुपारचे वाचन जुळत नाही, त्या दिवशी बांधावर उभ्या असलेल्या दोन्ही भावांच्या मनात एकच शंका येते, ती म्हणजे साहेबांनी पैसे खाल्ले. यंत्राच्या चुकीचा भार माणसाच्या सचोटीवर पडतो. अर्थशास्त्रात ज्याला व्यवहारखर्च म्हणतात, त्याचा मोठा वाटा अविश्वासाचा असतो. पुन्हा मोजणीची फी, वकिलाची फी, बुडालेली मजुरी, रखडलेला मोबदला या सर्वांची बेरीज केली, तर आकाशातील एका लाटेची किंमत काही सेंटिमीटरांपुरती राहत नाही. संपादनाच्या कामी शेकडो गावांची मोजणी थोड्या अवधीत उरकावयाची असते, तेव्हा तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो.

एका खर्चात दोन पिके

येथे अर्थशास्त्राच्या दृष्टीने मोठी सुखद वस्तुस्थिती समोर येते. जे कॉर्स केंद्र लाटेमुळे अडचणीत येते, तेच केंद्र त्या लाटेची नोंदही करीत असते. उपग्रहाच्या संदेशाला किती विलंब झाला, हा आकडा त्याच्याकडे दर क्षणाला तयार होतो. मोजणीसाठी तो आकडा उपद्रव आहे. वातावरणाच्या अभ्यासकासाठी तेच पीक आहे. उसापासून साखर करताना मळी मिळते तसे हे संयुक्त उत्पादन आहे, आणि त्यासाठी वेगळा भांडवली खर्च करावा लागत नाही. लाटेची दिशा व वेग ठरविण्यास एक केंद्र पुरत नाही. एका जागेवरून फक्त आवर्तन कळते, दिशा कळण्यास किमान तीन बिंदू लागतात, आणि लाटेचा आकार कळण्यास अनेक. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जाळे हे नेमके असे अनेक बिंदूंचे जाळे आहे.

जपानने हा धडा फार पूर्वी गिरविला. भूकंपांच्या अभ्यासासाठी त्या देशाने तेराशेच्या आसपास स्थिर केंद्रांचे जाळे विणले, आणि त्याची आकडेवारी संशोधकांना मोकळी ठेवली. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर समुद्रपृष्ठाच्या उसळण्याने आयनांबरात उठलेली वर्तुळे या जाळ्यावर स्पष्ट उमटली. १५ जानेवारी २०२२ रोजी प्रशांत महासागरातील हुंगा टोंगा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याचा धूर ५७ किलोमीटर उंचीपर्यंत गेला, आणि त्यातून निघालेल्या दाबाच्या लाटेने पृथ्वीला एकापेक्षा अधिक वेळा प्रदक्षिणा घातली. ती लाट भारतातील वायुदाबमापकांवरही नोंदली गेली, आणि आयनांबरातील तिचे पडसाद जगभरच्या उपग्रह-ग्राहकांनी टिपले. जुलै २०२५ मध्ये कामचाटकाच्या भूकंपानंतर निघालेल्या त्सुनामीची खूण अमेरिकी संशोधकांच्या स्वयंचलित प्रणालीने आयनांबरातच ओळखली, आणि तीही लाटा हवाई बेटांवर पोहोचण्याच्या आधी. मोजणीच्या केंद्रांतून धोक्याची सूचना निघू शकते, हे आता तर्काचे नव्हे तर अनुभवाचे विधान झाले आहे. १९४५ च्या मकरान भूकंपाची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती, हे विसरून चालणार नाही.

हवामानाच्या अंदाजाशीही या लाटांचे नाते आहे. १९८० च्या दशकात डोंगरांवरून उठणाऱ्या लाटांचा रोध हवामानाच्या गणिती प्रतिमानांत धरला जाऊ लागला, तेव्हा उत्तर गोलार्धातील पश्चिमी वारे अवास्तव जोरदार दाखविण्याचा त्यांचा जुना दोष बराच कमी झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. तिची जाळी सहा किलोमीटरची आहे. जगाच्या तुलनेतही ही सूक्ष्म जाळी आहे. तरी कित्येक गुरुत्व-लाटा तिच्या घरांतून निसटतात, आणि त्यांचा परिणाम ठोकताळ्यानेच धरावा लागतो. ते ठोकताळे येथील मोजमापांवर आधारलेले असतील, तर अंदाजही येथील होतील.

कुलाब्याचा धडा

एवढे असूनही निरीक्षणाच्या कामाकडे पाहण्याची आपली दृष्टी उपेक्षेची आहे. महाराष्ट्राला तरी ती शोभत नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होऊ लागली. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावणार, त्यांमुळे नोंदी बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली, आणि जुन्या-नव्या जागांची सांगड बसावी म्हणून काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये इतिहासातील सर्वांत प्रबळ मानले जाणारे सौरवादळ पृथ्वीवर आदळले, तेव्हा कुलाब्याच्या निरीक्षकाने हाताने लिहिलेल्या आकड्यांत चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलेले दिसते. त्या वादळाची तीव्रता ठरविण्यासाठी हे आकडे २००३ मध्ये जगापुढे आले. एका कारकुनी कामाचे व्याज १४४ वर्षांनी मिळाले, आणि ते सगळ्या जगाला मिळाले.

त्या परंपरेची वारस असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था आज पनवेलला आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील रडारने ऐंशी ते शंभर किलोमीटर उंचीवरचे वारे वर्षानुवर्षे मोजले, आणि कोल्हापूर-पन्हाळा परिसरातून रात्रीच्या आकाशातील क्षीण नैसर्गिक प्रकाशाची छायाचित्रे घेऊन त्यात सरकणाऱ्या लाटांचे पट्टे अभ्यासकांनी टिपले. आंध्र प्रदेशातील गादंकी येथील रडारने तर या विषयात जागतिक दर्जाचे काम केले आहे. म्हणजे विद्येची उणीव नाही. उणीव आहे ती सातत्याला पैसा देण्याच्या सवयीची. आपल्या अर्थसंकल्पांत यंत्र घेण्यास पैसा मिळतो. यंत्र चालविण्यास, ते राखण्यास, त्याच्या नोंदी तपासून जपून ठेवण्यास मिळत नाही. भांडवली खर्चाच्या कोनशिलेवर नाव कोरता येते, आवर्ती खर्चाला कोनशिला नसते. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांकरिता २,००० कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली, ती स्वागतार्ह आहे. तथापि दोन वर्षांत उपकरणे घेता येतात, निरीक्षणांची परंपरा घेता येत नाही.

पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये सार्वजनिक वस्तूंची जी व्याख्या केली, ती येथे तंतोतंत लागू पडते. एकाने वापरल्याने जी दुसऱ्याला कमी पडत नाही, आणि जिच्यापासून कोणाला दूर ठेवण्यात अर्थ नाही, अशी वस्तू बाजार पुरेशा प्रमाणात पुरवीत नाही. लाटेची नोंद ही अशी वस्तू आहे. नांदगावच्या आकाशातील लाट कदाचित विदर्भातील ढगातून निघालेली असते. तिच्या नोंदीचा खर्च नांदगावने सोसावा की विदर्भाने, हा प्रश्नच निरर्थक आहे. तो खर्च सर्वांचा, म्हणून सरकारचा.

आक्षेप आणि उपाय

यावर पहिला आक्षेप असा येईल की, ज्या मनमाडमध्ये नळाला किती दिवसांनी पाणी येईल हा पिढ्यान् पिढ्यांचा प्रश्न आहे, तेथे आयनांबराची चर्चा ही चैन आहे. आक्षेपामागची व्यथा खरी आहे. तर्क मात्र खोटा आहे. वाघदर्डी धरणातील गाळ आणि कॉर्स केंद्राची आकडेवारी एकाच पैशासाठी भांडत नाहीत. येथे मागणी नव्या धरणाएवढ्या रकमेची नसून, जे आधीच निर्माण होत आहे ते फेकून न देण्याची आहे. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. परंतु केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये भूस्थानिक माहितीवरील अनेक निर्बंध स्वतःच दूर केले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय धोरणही जाहीर केले. शिवाय संशोधनाला तत्काळ आकडेवारीच हवी असते असे नाही. काही दिवसांच्या विलंबाने दिलेली पुष्कळशा कामाला पुरते. तिसरा आक्षेप असा की हे काम पनवेल-पुण्याच्या तज्ज्ञांचे, तालुक्याच्या गावाचे नव्हे. पण लाट मोजण्यास विखुरलेले बिंदू लागतात हे वर आलेच आहे, आणि विखुरलेल्या बिंदूंवर माणसेही विखुरलेलीच लागतात.

म्हणून काही माफक गोष्टी तातडीने करण्यासारख्या आहेत. पहिली, राज्यातील सर्व कॉर्स केंद्रांच्या मूळ नोंदी मुदत न घालता जतन कराव्यात, आणि विद्यापीठांना व महाविद्यालयांना त्या विनामूल्य द्याव्यात. दुसरी, मोजणीच्या कागदपत्रांवर प्रत्येक हद्दखुणेपुढे वाचनाची वेळ व ते पक्के होते की कच्चे, याची नोंद सक्तीची करावी. वादग्रस्त कोपऱ्याचे वाचन किमान तासाभराच्या अंतराने पुन्हा घ्यावे. लाटेचे आवर्तन तासाभराच्या आतले असल्याने माथा आणि दरी दोन्हींची गाठ पडण्याचा संभव त्यामुळे वाढतो, आणि दोन वाचनांतील फरक दोन्ही पक्षांसमोर लेखी राहतो. तिसरी, आयनांबराच्या स्थितीचे दैनंदिन पत्रक भूमी अभिलेख खात्याच्या तालुका कार्यालयांपर्यंत पोहोचावे. समुद्रावर जाणाऱ्या कोळ्याला वाऱ्याची सूचना मिळते, तर शेतात जाणाऱ्या भूकरमापकाला आकाशाची का मिळू नये? चौथी, तालुक्याच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञान व भूगोल विभागांना या आकडेवारीवर काम करण्यासाठी थोडे पण नियमित अनुदान द्यावे. येथे नियमित हा शब्द रकमेपेक्षा महत्त्वाचा आहे. मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात व यार्डात पिढ्यान् पिढ्या यंत्रे हाताळलेल्या कुटुंबांतील मुले आहेत. अभ्यासासाठी त्यांना दूरच्या कृष्णविवरापर्यंत जाण्याची गरज नाही. डोक्यावरचे शंभर किलोमीटर त्यांना पुष्कळ आहेत.

हिंगोलीच्या प्रयोगशाळेला २,६०० कोटी रुपये मिळाले याबद्दल कोणी खंत करण्याचे कारण नाही. मूलभूत विज्ञानावर असा खर्च करण्याइतके धैर्य देशाने दाखविले, हे अभिमानास्पदच आहे. पण ज्या राज्याने दूरच्या लहरींसाठी एवढी जागा दिली, त्याने जवळच्या लाटांच्या, आपोआप जमा होणाऱ्या नोंदी दुर्लक्षाने वाया घालवू नयेत, एवढीच अपेक्षा आहे. मनमाड-इंदूर मार्गाच्या मोजण्या होतील, रूळ पडतील, गाड्या धावू लागतील. त्या मोजण्यांचे नकाशे पुढील शंभर वर्षे न्यायालयांत पुरावा म्हणून वाचले जातील. ज्या क्षणी ती वाचने घेतली त्या क्षणी आकाशाची स्थिती काय होती, ही नोंद त्यांच्याशेजारी ठेवणे आजच शक्य आहे. तो क्षण निघून गेल्यावर ती कोणत्याही किमतीला विकत मिळणार नाही.